जाड्या मिठातली डिस्क

कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, पिठाची गिरणी आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये सुदेशचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. पण माणूस कामाचा. वीस वर्षांच्या धंद्यात त्याने दोन नियम कधी मोडले नव्हते. पहिला असा, की कम्प्युटर सुरू होत नसेल तर आधी रॅमची पट्टी काढायची आणि शाळेतल्या खोडरबराने तिची सोनेरी टोकं पुसायची. निम्मे कम्प्युटर एवढ्यावरच सुरू होतात, आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं.

दुसरा नियम जरा कडू होता. डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरल्याशिवाय 'तुमचं सगळं शाबूत आहे' असं गिऱ्हाईकाला सांगायचं नाही. एकदा एका फोटोग्राफरला त्याने तसं सांगितलं होतं आणि लग्नाचे फोटो उतरवता उतरवता डिस्कने मान टाकली. भर बाजारात त्या माणसाने सुदेशची कॉलर धरली. तेव्हापासून सुदेशने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. शहाणपणाचीच गोष्ट होती, नाही कोण म्हणतो? पण कुलूप लावणाऱ्याने किल्ली कुठे ठेवली तेही लक्षात ठेवावं.

मंगळवारी सकाळी कळव्याहून चंद्रभागामावशीचा फोन आला. चंद्रभागा म्हणजे खाडीकाठची कोळीण, साठीला टेकलेली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. घरी ती आणि तिचा एकुलता एक दिपेश. दिपेशचा कम्प्युटर सुदेशनेच जोडून दिला होता, त्यामुळे ओळख जुनी होती. 

"सुदेश, पोलिसांनी दिपेशला नेला," ती म्हणाली. "त्यो कांपुटर पन चालू व्हत नाय. तू आत्ताच्या आत्ता ये."

झालं होतं ते असं. आदल्या रविवारी दुपारी सव्वाचारला पुलापलीकडे, मावशीच्या घरापासून चांगलं तीन किलोमीटरवर, दोन टोळक्यांत मारामारी झाली. एकाच्या डोक्यात वल्हं बसलं आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. कोणीतरी पोलिसांना चार नावं दिली, त्यात दिपेशचं. नाव देणाऱ्याशी होडी लावायच्या जागेवरून दिपेशचं जुनं वाकडं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. दिपेश म्हणत होता, मी तेव्हा घराच्या अंगणात जाळं सांधत बसलो होतो. पण बघणारं कोणी नव्हतं. आई त्या वेळी बाजारात मासळीच्या पाटीवर बसलेली. बघणारा होता तो फक्त कॅमेरा. जाळी चोरीला जातात म्हणून दिपेशनेच तो दारावर बसवला होता आणि त्याचं सगळं चित्रण आतल्या कम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर साठत होतं. आता तोच कम्प्युटर काळं तोंड करून बसला होता. सोमवारी ठाण्याच्या कोर्टात जामिनाची सुनावणी होती.

सुदेश गेला. बटण दाबलं तर पंखा फिरला, तीन शिट्या वाजल्या, पडदा काळाच. त्याने डबा उघडला. आत खाऱ्या हवेने स्क्रूसुद्धा गंजले होते. रॅम काढली, खोडरबराने पुसली, परत बसवली. पडद्यावर उजेड आला. मावशीने हात जोडले आणि चहा टाकायला आत गेली.

ती आत असतानाच सुदेशने रविवारचं चित्रण उघडलं. चार वाजून सात मिनिटं. अंगणात दिपेश मांडी घालून बसला होता. अंगात बिनबाह्यांचा बनियन, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा दोरा अडकवलेला. एक कुत्रं येऊन बाजूला पसरलं, दिपेशने त्याला कोपराने ढकललं. चेहरा असा स्पष्ट, की आंधळ्यानेही ओळखावं. सुदेशने चित्रण पुढे पळवलं. सव्वाचार झाले, चार वीस झाले, पोरगा जागचा हलला नव्हता. सुदेशच्या छातीवरचं ओझं उतरलं. निदान पडद्याचा फोटो तरी काढू म्हणून त्याने खिशातून मोबाईल काढला, आणि तेवढ्यात डिस्क टकटक करायला लागली. चित्र थिजलं. मग पडदा काळा झाला.

त्याने झटकन वायर ओढली. ही टकटक तो ओळखून होता. डिस्कच्या आतली सुई जागा चुकत होती. जास्त चालवली असती तर चकती खरवडली गेली असती.

मावशी चहा घेऊन आली. "काय दिसला का रं?"

सुदेशच्या जिभेवर आलं होतं. पण वीस वर्षांचा नियम आडवा आला. "आत्ताच काही सांगता येत नाही, मावशी," तो म्हणाला. "डिस्क आजारी आहे. आता ती चालू करू नका."

वकील मनालीलाही त्याने फोनवर हेच सांगितलं. मनाली तरुण होती, पण कायदा चोख जाणत होती. तिने बजावलं, "डिस्क काढून ठेवा, पण घराबाहेर नेऊ नका. उद्या समोरचे म्हणतील, दुकानात नेऊन काहीतरी घुसडलं. शनिवारी दोन पंच बोलावते, त्यांच्यासमोर कॉपी करा." सुदेशने डिस्क काढून मावशीच्या हातात दिली. तिने ती लुगड्याच्या पदरात धरली आणि देवघरात ठेवली.

बुधवार, गुरुवार तिचे फोन येत राहिले. शुक्रवारी तर सुदेश डोंबिवलीत एका पतपेढीत अडकला होता. तिथला सर्व्हर बंद, रांगेतली माणसं ओरडतायत, मॅनेजर डोक्यावर उभा. त्यात मावशीचा सहावा फोन.

"जिवाला घोर लागलाय रं. काय उपाय हाय का डिस्कला? सांग, मी करते."

आणि सुदेश बोलून गेला. "एक करा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा तासभर. गारठ्याने कधीकधी सुटते. मी उद्या येतोच."

हा धंद्यातला जुना तोडगा होता. जुन्या डिस्कवर दहातून एकदा चालायचा, आणि खुद्द सुदेशने तो दहा वर्षांत केला नव्हता. मावशीच्या हाताला काहीतरी काम मिळावं आणि फोन थांबावा, एवढ्यासाठीच तो बोलला. फोन थांबला खरा.

शनिवारी दहा वाजता तो नवी डिस्क आणि वायरी घेऊन कळव्याला पोचला. शेजारचा काळुराम आणि मच्छीमार सोसायटीतला बाळ असे दोन पंच खुर्च्यांवर बसले होते. मनाली कोर्टात अडकली होती, ती फोनवर येणार होती.

"डिस्क द्या मावशी," सुदेश म्हणाला.

मावशी अंगणात गेली आणि थर्माकोलची माशांची पेटी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. झाकण काढलं. आत फोडलेला बर्फ होता, त्यावर जाडं मीठ पसरलेलं. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक काळी पिशवी बाहेर काढली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

सुदेशने हातातल्या वायरी खाली ठेवल्या.

"फ्रीजमदी नाय ठेवली," मावशी म्हणाली. "फ्रीजचा गारवा काय खरा नसतंय. लांबचा माल धाडतो ना, तसा केला. बर्फ फोडला, जाडा मीठ मारला. मिठानं गारठा धरतंय. तू तास बोल्लास, मी रातभर ठेवली. मी पन बाजूलाच बसलेली, बर्फ बदलत."

चांगला मासा ती ज्या रीतीने जपायची, त्याच रीतीने तिने पोराची डिस्क जपली होती. त्यात तिची काय चूक? बर्फाची कपची लागून पिशवी फाटली आणि रात्रभर मिठाचं पाणी आत झिरपलं. सुदेशने डिस्क पालथी केली. हवा जाण्यासाठी तिला बारीक भोक असतं, त्याच्या कडेला पांढरं मीठ धरलं होतं. खालची सर्किटची हिरवी पट्टी आत्ताच काळपट पडली होती.

तरी त्याने ती पुसली, वाळवली, जोडली. माहीत असूनही जोडली, कारण समोर तिघं बघत होते. डिस्क फिरली नाही. टकटकसुद्धा झाली नाही. थोडा जळका वास आला आणि संपलं.

"काय झाला?" मावशीने विचारलं.

सुदेशने वायर सोडवली.

"सुदेश, मीठ लागला का तिला?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी मारली का रं?"

काळुराम मान पुढे काढून बघत होता. बाळने मोबाईल खाली ठेवला. सुदेशला वाटलं, खरं सांगितलं तर ही बाई उद्याचा दिवस बघायची नाही. आणि त्याच दमात असंही वाटलं, की बर्फाचा तोडगा कोणी सांगितला हे कळलं तर सगळा कोळीवाडा आपल्या दारात येईल. यातलं आधी काय वाटलं हे पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो पुन्हापुन्हा विचारत राहिला.

"नाही मावशी," तो म्हणाला. "ती मंगळवारी मी यायच्या आधीच मेली होती. बर्फाने काही झालं नाही."

"म्हंजे मी नाय मारली?"

"नाही."

मावशी मटकन खाली बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली.

तेवढ्यात मनालीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "सुदेश, एक विचारते. मंगळवारी मशीन सुरू झालेलं ना? तुम्ही स्वतः काही बघितलं का? दिपेश दिसला असेल तर तसं प्रतिज्ञापत्र करू. डिस्क गेली तरी तुमच्या शब्दाला वजन आहे, तुम्ही घरचे नाही. मी ते सोमवारी कोर्टापुढे ठेवते. नाहीतर माझ्या हातात काहीच नाही."

फोन स्पीकरवर होता. मावशी मान वर करून बघत होती.

'बघितला' म्हणायचं तर मंगळवारी आपण गेलो तेव्हा डिस्क जिवंत होती, म्हणजे मावशीला आत्ताच सांगितलं ते खोटं, असं म्हणावं लागणार. मग ती मारली कोणी? बर्फाने. बर्फात कोणी ठेवली, आणि कोणाच्या सांगण्यावरून? एक खोटं बोललं की दुसऱ्याला पाट मांडावाच लागतो.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "डिस्क आधीच गेली होती, काही दिसलं नाही."

सोमवारी जामीन नाकारला गेला. पुढची तारीख दीड महिन्याची पडली. सुदेश कोर्टात गेला नाही. त्याने दुकान उघडलं, दोन कम्प्युटर खोडरबराने सुरू करून दिले. मनालीचा नंबर त्याने चार वेळा काढला आणि चार वेळा मिटवला. अजून वेळ आहे, पुढच्या तारखेच्या आधी सांगू, असं तो स्वतःला समजावत होता.

गुरुवारी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि चंद्रभागामावशी उतरली. हातात पिशवी होती. आठवड्याभरात बाई पार सुकली होती. सुदेशने घाईघाईने स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही. पिशवी तिने टेबलावर ठेवली. आत जिताडा मासा होता, बर्फात, जाडं मीठ मारलेला.

"हे कशाला, मावशी?"

"घे. तू तवा खरा सांगलास म्हनून मी जगली. शनिवारी मना वाटलेला, मीच पोराचा गला कापला. त्या दिवशी तू बोल्ला नसतास तर मी खाडीत उडी मारलेली. खरा सांगते."

सुदेश पिशवीकडे बघत राहिला. बर्फ वितळून टेबलावर पाणी पसरत होतं. तिथे कोणाचीतरी उघडी डिस्क पडली होती, ती त्याने उचलून बाजूला ठेवली.

मावशी जायला वळली आणि उंबऱ्यात थांबली.

"सुदेश, एक इचारू? लोक नाय नाय ते बोलतान. काळुराम पन बोल्ला, पोरांचा काय भरवसा, आय बाजारात गेली की कुठं जातान कोनाला म्हाईत. मी त्याच्याशी भांडली. पन रातचा डोला लागत नाय." तिने दाराची चौकट धरली. "मी तवा बाजारात व्हती रं. मी कुठं बगितलाय? मंगलवारी मी चा टाकायला आत गेलेली. तवा जरासा पन, एवढासा जरी, काय दिसला असंल तर सांग. माझा पोऱ्या अंगनात व्हता का?"

पायाच्या अंगठ्यात दोरा, बाजूला कुत्रं, चार वाजून सात मिनिटं. जगात एकाच माणसाच्या डोळ्यांत ते उरलं होतं, आणि तो माणूस तिच्यासमोर उभा होता. एक शब्द बोलायचा होता. पण त्या एका शब्दाबरोबर डिस्क जिवंत होणार होती, आणि ज्या हातांनी तिने रात्रभर बर्फ बदलला, त्याच हातांनी ती मारल्याचं तिला कळणार होतं. आणि सुदेशचंही नाव त्यात येणार होतं.

"काही दिसलं नव्हतं, मावशी," सुदेश म्हणाला.

तिने मान हलवली, दोन-तीनदा हलवली. "बरा," ती म्हणाली. "जिताडा आजच कर. मीठ जास्त हाय, धुऊन घे."

मग ती रिक्षात बसली आणि पोराबद्दलचा संशय बरोबर घेऊन कळव्याला गेली.