काय मोजणार ते आधी सांगितलं

बर्का या किनारी गावच्या मासळी कारखान्यात सुपरवायझर व्हायचं तर गटचर्चेची परीक्षा द्यावी लागे, आणि खलफान तिच्यात दोनदा आपटला होता. तिसरी खेप शेवटची. ती हुकली की जन्मभर बर्फ फोडत बसायचं.

दोन्ही वेळी 'पुढाकार नाही' असा शेरा मारला होता परीक्षक रय्यानेच. पण गेल्या महिन्यात शीतगृह बंद पडलं, तेव्हा याच खलफानने बाराजणांना कामाला लावून सगळी मासळी वाचवलेली तिने डोळ्यांनी पाहिली. मग परीक्षेतच याची दातखीळ का बसते? विचार करता करता तिला उमगलं. समोर वडीलधारे बसलेले असताना आधी तोंड उघडायचं नाही, ही घरची शिकवण. परीक्षेत नेमकं तेच मोजतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण चांगल्या वळणाला नापास केलं, याची तिला लाज वाटली.

यंदा काय मोजणार ते सगळ्यांना आधीच सांगू या, असं तिने कारखान्याच्या साहेबांना सुचवलं.

"म्हणजे पेपर फोडायचा?"

"गाडीच्या परवान्याला 'मागे घेऊन दाखव' असं सांगतातच की. म्हणून काय सगळे पास होतात?"

साहेबांनी परवानगी दिली.

परीक्षेच्या दिवशी तिने सहाही उमेदवारांना सांगितलं : पुढाकार मोजणार, आणि दुसऱ्याचं ऐकून घेणंही. झालं, चौघांनी एकदम कालवा मांडला. खलफान गप्पच.

मग तो उठला. कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पहिला प्याला त्याने उमेदवारांत सगळ्यांत वडील अशा हमदानकाकांना दिला.

"काका, आज तुमच्या आधी बोलतो. इथे तेच मोजतायत. एरवी जीभ चावली असती."

"बोल बाबा. तू बोलल्याशिवाय तुझ्या चुका कशा काढू?"

सगळे हसले, कालवा थांबला. खलफानने मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक मांडलं. काकांनी खरंच दोन चुका काढल्या, त्या त्याने मुकाट्याने दुरुस्त केल्या.

खलफान पास झाला. काका पुढाकारात थोडक्यात राहिले. रय्या खाली मान घालून त्यांना सांगायला गेली.

"पोरी, आजवर वाटायचं, माणूसच कमी पडला," काका म्हणाले. "आज कळलं नेमकं काय कमी पडलं. ते शिकता येतं."

रय्याला त्यांचा आणि स्वतःच्या हट्टाचाही अभिमान वाटला. काका मात्र खलफानच्या खांद्यावर हात टाकून केव्हाच निघाले होते, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमचा खलफान. माझ्या आधी बोलला."