भिंतीवरची हलगी

अक्षराला वाटलं होतं, भिंत बघून आज्जा हरखून जाईल. निपाणीजवळच्या आपल्या गावात शाळेच्या भिंतीवर 'गावचा वारसा' रंगवायचं काम तिनंच बेळगावच्या संस्थेकडून ओढून आणलेलं. रेखाटन तिचं, रंग भरणारं सगळं गाव. ज्यानं त्यानं आपापली माणसं सुचवली. वरल्या आळीच्या मारुतीरावांचे पैलवान वडील आले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका आल्या, बैलजोड्या तर विचारू नका. आपल्या वस्तीतलं मात्र कुणीच नाही, हे अक्षराच्या जिव्हारी लागलं. मग तिनं आपल्या आज्जाला, आण्णाप्पाला, भिंतीच्या मधोमध उभं केलं. खांद्याला हलगी देऊन.

आता हे अजाणता घडलं म्हणावं, तर तसंही नाही. धम्माची दीक्षा घेतली त्या साली वस्तीनं सगळ्या हलग्या विहिरीत टाकल्या, मयतापुढं वाजवणं आणि शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभं राहणं कायमचं सोडलं, हे तिनं आज्जाच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. पण बेळगावात बसून चित्र काढताना तिला 'लोककलावंत' हा शब्द सापडला. शिकल्यासवरल्या माणसाला असा एखादा झकपक शब्द मिळाला की त्याचं भान सुटतंच.

उद्घाटनाला आज्जा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. निपाणी डेपोत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस, गाव त्याला अहोजाहो करायचं. भिंतीपुढं तो थांबला आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं मान खाली घातली. आपण काय करून बसलो, ते अक्षराला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मारुतीराव कुठूनशी खरीखुरी हलगी घेऊन आले. माणूस वाईट नव्हे, आनंदाच्या भरात होता.

"आण्णाप्पा, लई झ्याक दिसतोस की रं! घे, वाजीव जरा. फोटू काढूया."

कालपर्यंतचं 'या आप्पा, बसा' कुठल्या कुठं गेलं होतं.

आज्जानं हात मागं घेतला. "न्हाय जमायचं आता."

संस्थेच्या नीलम मॅडम कॅमेरा सरसावून उभ्या होत्या. "वाजवा ना आजोबा, अक्षराच्या कामाचं चीज होईल."

आज्जानं नातीकडं बघितलं. तिचं एक 'नको' पुरलं असतं. पण नको का, हे सांगायचं म्हणजे आपण कोण, हेही मॅडमसमोर सांगायचं. अक्षरा बोटांवरचा वाळलेला रंग खरवडत राहिली.

"पोरीचा दिवस हाय आज," आज्जा हळूच म्हणाला आणि त्यानं हलगी खांद्याला अडकवली.

हात काही विसरला नव्हता. पहिल्या ठोक्याबरोबर लोक नाचायला लागले, मारुतीरावांनी शिट्टी घातली. वस्तीतली म्हातारी माणसं मात्र खुर्च्या सोडून एकेक करून चालती झाली. आज्जा खाली बघून वाजवत होता. तो थांबला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला, मॅडमनी कॅमेरा अक्षराकडं वळवला, आणि तिनंही हसून टाळ्या वाजवल्या.