संपवायचा भात

सुप्रियानं गोळा मानेला लावला, दातओठ खाऊन फेकला आणि तो आखलेल्या रेषेच्या अलीकडेच धप्पकन पडला. आजही! पोलीस भरती तोंडावर आली होती आणि गोळा काही पुढं सरकत नव्हता.

"पळताना धाप लागते, फेकताना हात लुळे पडतात," तयारी करून घेणारे सर वैतागले. "पोटावर चरबी, दंडात काही नाही. सांगितलेलं खातेस ना?"

"खाते की सर. दोन अंडी, वाटीभर उसळ, एक भाकरी. भात मूठभर."

"आणि नंतर?"

"नंतर काय? उरलेलं संपवते."

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, ते खाणंच की!"

कर्जतहून कडावला घरी येईपर्यंत ती स्वतःवरच चरफडत होती. उरलेलं तिनं कधी खाण्यात धरलंच नव्हतं. खाणं म्हणजे ताटातलं. पातेल्यातला भात भांडी घासायच्या आधी नुसता संपवायचा असतो. तिचा नवरा मनोज साजगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा. मनात आलं की तिथंच मित्रांबरोबर जेवून यायचा, पण घरी एक फोन करेल तर शपथ. त्याच्या वाटणीचा भात मात्र रोज शिजायचा आणि तिच्या अंगाला लागायचा.

"आई, भात जरा कमी टाकूया का?" तिनं सासूला विचारलं.

"आन् तो उपाशी आला तर गं?" बायजाबाई म्हणाल्या. विषय तिथंच मिटला.

मग सुप्रियानं दुसरा मार्ग धरला. आपलं ताट संपलं की उठायचं, पातेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. तरी संध्याकाळी पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं असायचं. जात असेल कोंबड्यांना, म्हणून तिनं चौकशी केली नाही. कशाला करेल? सलवारीची नाडी आवळावी लागत होती, दंड भरत होते, आणि एके सकाळी गोळा रेषेच्या पलीकडे पडला.

त्याच महिन्यात बायजाबाईंची साखर तपासली. डॉक्टर भडकलेच. "भात सोडा म्हणून सांगितलं होतं ना, आजी?"

"इवलासाच खाते वो," बायजाबाई खाली बघत म्हणाल्या.

परतताना रिक्षात सुप्रिया त्यांना नाही नाही ते बोलली. एवढी औषधं, एवढं पथ्य, आणि जिभेवर ताबा नाही म्हणजे काय! बायजाबाई पदर सावरत रस्त्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोज आला तोच, "जेवून आलोय गं," असं म्हणत ओटीवर आडवा झाला. सुप्रिया जरा पडली होती. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठली, तर मोरीपाशी बायजाबाई उभ्या. डाव्या हातात पातेलं, उजव्या हातात भाताचा घास.

"आई! हे काय?"

बायजाबाईंनी तोंडातला घास गिळला. "टाकायचं व्हय अन्न? तू या घरात यायच्या आदी मीच संपवायची. मदी तू खायाचीस. आता तुला पळायचं हाय."

कालचं बोलणं सुप्रियाला आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग संताप आला, इतका की तो कुणावर काढावा ते कळेना. तिनं पातेलं ओढून घेतलं आणि तरातरा ओटीवर गेली. बायजाबाई मागोमाग आल्या. तिनं पातेलं मनोजच्या उशाशी ठेवलं.

"संपवा."

"अगं, जेवून आलोय म्हटलं ना?"

"आम्हीपण जेवलोय."

मनोज उठून बसला. हसत आईकडे बघू लागला. बायजाबाईंचा हात सवयीनं पातेल्याकडे गेला, तसं सुप्रियानं त्यांचं मनगट धरलं. गोळा फेकणारा हात होता तो. बायजाबाईंनी सोडवून बघितला, सुटला नाही.

मनोजचं हसू विरलं. त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. पातेलं काही रितं होईना.

"रोज एवढा उरतो?" त्यानं विचारलं.

सुप्रियानं पातेलं त्याच्याकडे आणखी सरकवलं.