घट्ट चुडा

"बळे तेगीरी अम्मा! बांगड्या काढा म्हणते ना!" नर्स सहाना पुन्हा ओरडली.

साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, तरी पावनीच्या सुजलेल्या मनगटावरून हिरवा चुडा हलेना. डोहाळजेवणाला भरला तेव्हा चांगला सैल होता. आता काच मांसात रुतली होती.

तुंगाबाई सुनेच्या उशाशी उभ्या होत्या आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होत्या. "पहिलटकरणीचे पाय सुजतातच की गं, त्यात काय!" हे त्यांचेच शब्द. डोकं दुखतं म्हणाली तर बाम चोळला. आज तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कुठे सरस्वतीपुरमच्या नाक्यावरून रिक्षा बोलावली.

"आत्ताच ऑपरेशन करायला हवं," डॉक्टर अन्विता म्हणाल्या. "बीपी फार चढलंय. फिट आली तर दोघांच्याही जिवावर बेतेल. फोडून टाका त्या बांगड्या."

"नको!" पावनीने दोन्ही हात छातीशी घट्ट धरून सासूकडे पाहिलं. "प्रणेश बेंगळुरूहून गाडी चालवत येतोय. अत्ते, तुम्हीच म्हणालात ना, बाळंत होईपर्यंत चुडा वाढवला तर नवऱ्याला भोवतं?"

म्हणाल्या होत्या खऱ्या. जन्मभर ऐकलं तेच पुढे सांगितलं, आणि आता पोर त्यात अशी अडकली की सुटेना.

"माझंच काही चुकलं का हो डॉक्टर?" पावनीने विचारलं. "लोणचं फार खाल्लं मी."

"लोणच्याचा काय संबंध? गरोदरपणात वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. तुझ्या पुरेशा झाल्या नाहीत. वारेला रक्त कमी पडलं, की ती रक्तात नको ते सोडते आणि सगळ्या अंगातल्या वाहिन्या आवळतात. हे सुरुवातीलाच होऊन बसतं. का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण तुझा दोष नाही."

तुंगाबाई ऐकत होत्या. म्हणजे पोर इतके महिने आतून आवळली जात होती, आणि आपण काय केलं? त्यांना भडभडून आलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या. विधवेने पुढे येऊ नये, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. आज त्यांनीच पुढे होऊन पावनीचा हात धरला.

"अत्ते, तुम्ही नको!"

"मीच. प्रणेश माझ्या पोटचा आहे गं. त्याला काही होणार असतं तर मी हात लावला असता?"

पावनीला लागू नये म्हणून काचेखाली आपल्या बोटांची टोकं कशीबशी रेटून त्यांनी नर्सच्या कात्रीच्या मुठीने एकेक बांगडी फोडली. प्रत्येक आवाजाला डोळे मिटले आणि लेकाचं नाव घेतलं. मग पावनीला आत नेलं.

प्रणेश धावत आला तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या. आधी त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं.

"दोघंही आहेत रे," त्या म्हणाल्या. "मुलगी झाली. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. पावनी बोलली माझ्याशी."

त्याने डोळे पुसले. मग त्याचं लक्ष आईच्या रक्ताळलेल्या बोटांकडे गेलं.

"हे काय झालं?"

"काही नाही रे. बांगडी लागली."

प्रणेश आईच्या मनगटाकडे पाहत राहिला. बाबा गेल्यापासून ते मोकळंच होतं.