बोल्टावरची हिरवी रेघ

इंजिनावरचं टॅपेट कव्हर उचललं मात्र, ठसक्याच्या तोंडून अशी शिवी निघाली की हातातला पानासुद्धा लाजला असता.

ठसका हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते टॅक्सीवाल्यांनी ठेवलेलं. सर्व्हिसिंगला गाडी दोन महिने उशिरा आणली की ती जे काही बोलायची, ते ऐकून भल्याभल्यांना ठसका लागायचा. तोंडावर मात्र सगळे मुकाट 'ताई' म्हणायचे. जीव कोणाला प्यारा नसतो?

तर आज तिच्यापुढे बाईसाहेब उभ्या होत्या. बाईसाहेब म्हणजे दातांच्या डॉक्टरांची गाडी. चाळीस वर्षांची, लांबलचक, काळी, आत चामड्याच्या गाद्या आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. नाव ठेवलं बाबांनी. बाबा म्हणजे गॅरेजचे थोरले मेस्त्री. सख्ख्या मुलीला 'ए पोरी' आणि गाडीला अहोजाहो! वीस वर्षांत त्यांनी ह्या गाडीच्या बॉनेटला तिचा हात लागू दिला नव्हता. टॅक्स्या तिच्या, टेम्पो तिचे, दूधवाल्याची धूर ओकणारी व्हॅन तिची. बाईसाहेब फक्त त्यांच्या. "नाजूक काम आहे, तुझा हात जड," म्हणायचे. जड हात! ह्याच जड हातांनी निम्म्या शहराची इंजिनं उतरवली होती. तिला आयुष्याकडून फार काही नको होतं. हे एक इंजिन एकदा, बाबांच्या देखत, आपल्या हाताने उघडायचं होतं.

आज उघडलं, पण त्यांच्या पाठीमागे. सकाळी भर रस्त्यात बाईसाहेबांचा तेलाचा लाल दिवा पेटला, खडखडाट सुरू झाला, आणि डॉक्टरांनी फोन केला. बाबा डोळे तपासायला गेले होते. तिने गाडी ओढून आणली, गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी केली आणि मनातल्या मनात हात जोडून कव्हर काढलं.

आत काय होतं? त्याला तेल म्हणायचं? काळा, घट्ट चिखल. साखर करपून पातेल्याला चिकटावी तसा सगळीकडे बसलेला. स्क्रूड्रायव्हर रोवला तर तो उभाच राहिला. तेलाच्या वाटा बुजलेल्या, कॅमशाफ्टवर बोटाला लागतील असे चरे. वर्षानुवर्षं तेल न बदलता गाडी पळवली तरच ही दशा होते.

"सोन्यासारखी गाडी!" ती एकटीच ओरडली. "आणि तेल बदलायला ह्या लोकांचा जीव जातो. बाहेरून पॉलिश, आत उकिरडा. जगाला सांगतो दोन वेळा दात घासा, आणि स्वतः हा असा!"

एवढ्यावर थांबेल तर ती ठसका कसली? फोन लावला आणि डॉक्टरांना काही न विचारता फैलावर घेतलं. पलीकडचा माणूस सभ्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "ताई, मी दर वर्षी आणतो हो. डॅशबोर्डच्या कप्प्यात सगळ्या चिठ्ठ्या आहेत. बघा तरी. शेवटचा पेशंट झाला की येतोच मी."

तिने कप्पा उघडला. रबर लावून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या सहा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर 'तेल बदलले', तारीख, आणि खाली बाबांची लांब शेपटीची सही. सहा वर्षं, सहा सह्या.

 टॉर्च घेऊन ती खड्ड्यात उतरली. गाडीखाली उभं राहून काम करायचा सात पायऱ्यांचा खड्डा होता तो. बाबांचा एक नियम होता, तो त्यांनी तिच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवला होता. तेल बदललं की इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट घट्ट करायचा आणि बोल्टावरून चेंबरपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट फिरला की रेघ तुटते. मग जुनी पुसून नवी ओढायची, दर वर्षी नव्या रंगाची. बोल्ट शेवटचा कधी उघडला ते बघताक्षणी कळतं.

रेघ हिरवी होती, आणि अखंड होती.

हिरवा रंग गॅरेजच्या शटरचा. ज्या वर्षी बाबांचे गुडघे गेले, त्या वर्षी शटरला लावलेला, आणि उरलेला ह्या रेघेला. त्यानंतर शटर निळं झालं, आणि आता निळ्याचेही पोपडे निघाले होते.

मग तिला सगळं उलगडलं. सहा वर्षं ह्या खड्ड्यात ती एकटीच उतरत होती. बाबांना दोन पायऱ्याही उतरवत नव्हत्या. बाईसाहेब आल्या की ते तिला घरी पिटाळायचे, शटर ओढून घ्यायचे. वरून कमी पडलेलं तेल ओतायचं, क्रोम घासायचं, चिठ्ठी लिहायची. तेल मोजायची पट्टी ओढून बघावं तर तेल काठोकाठ. कोणाला काय कळणार?

बोल्टाला तिने हात लावला नाही. वर येऊन स्टुलावर बसली.

एकच्या सुमाराला बाबा आले. उघडं बॉनेट बघून दारातूनच गरजले, "कोणाला विचारून हात लावलास?"

"तुम्ही कोणाला विचारून नाही लावलात?"

बाबांनी इंजिनात डोकावलं. चेहरा उतरला, पण जीभ कुठली उतरतेय! "तेलात भेसळ असेल."

"सहाही वेळा?"

"मग डॉक्टर गाडी रगडतात."

"ते? ते सायकलच्या मागून चालतात, तेही हॉर्न न वाजवता!" ती उठून उभी राहिली. "रेघ हिरवी आहे, बाबा."

बाबा काही बोलणार, तोच डॉक्टर दारात आले. आणि थोरल्या मेस्त्रींनी काय करावं? सरळ त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, मी नव्हतो हो इथे. माझ्या मागे हिने उघडली. हात जड हिचा. करून ठेवली काशी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, खाली चला," ती म्हणाली. "कपडे खराब होतील. होऊ देत."

डॉक्टर बिचारे भिंतीला धरून उतरले. तिने टॉर्च मारला आणि रेघ, रंग, शटर, गुडघे, सगळं एका दमात सांगितलं. मग वर तोंड करून, बाबांना ऐकू जाईल असं ओरडली, "माझा हात लागला असता तर ही रेघ तुटली असती! आणि गाडी वाचली असती!"

"वरून चकाचक, आणि हिरडीखाली पू," डॉक्टर पुटपुटले. त्यांना ते रोजचंच. वर येऊन ते बाबांना ओलांडून तिच्यापाशी आले. मग तिला म्हणाले, "ताई, वाचेल?"

"पूर्ण उतरवल्याशिवाय सांगणार नाही. खोटं बोलायची पद्धत माझी नाही."

"मग उतरवा. तुम्हीच उतरवा," असं म्हणून ते निघून गेले.

बाबा स्टुलावर बसले. गुडघे चोळू लागले. "वाकवतच नव्हते गं," शेवटी म्हणाले. "सांगायचं कोणाला?"

"मला! दोन हातांवर उभी होते मी, रोज! 'पोरी, उतर.' दोन शब्द. गुडघ्यांबरोबर जीभही आखडली होती का?"

"लोक म्हणाले असते, मेस्त्री संपला."

"आणि आता काय म्हणतील? ते जाऊ दे. मघाशी माझ्यावर ढकललंत, तेव्हा जीभ बरी वळली!"

 एरवी तिला त्यांची दया आली असती. आज आली नाही. एक चांगलं इंजिन हट्टापायी मारलं होतं ह्या माणसाने, आणि वर तिलाच जड हाताची ठरवत होता. तिने पाना उचलला आणि खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"ते दोन शब्द. त्याशिवाय मी बोल्टाला हात लावणार नाही. मग बसा तुम्ही आणि तुमच्या बाईसाहेब, एकमेकांचं तोंड बघत."

बाबांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्या हातांकडे. मग मान खाली घालून म्हणाले, "पोरी, उतर."

शिंकायलासुद्धा ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढंच होतं! एवढ्यासाठी वीस वर्षं! तिचा राग निवायचा सोडून दुप्पट चढला. सातही पायऱ्या ती धाडधाड उतरली. पाना बसवला, सगळा जोर लावून हिसका दिला, आणि हिरवी रेघ तुटली. चार फेऱ्यांत बोल्ट तिच्या तळहातावर आला. भोक उघडं पडलं, खाली डबा लावलेला, पण आतल्या चिखलाने वाट अडवलेली, थेंब पडेना.

वरून बाबांचा आवाज आला, "आलं का तेल?"

"नाही आलं!" ती खालून ओरडली. "थांबा आता. मी नाही थांबले?"