नव्या फ्रिजमधले दूध

धाकट्या जावेकडे नवा फ्रिज आला, आणि त्याच आठवड्यापासून तिच्याकडचे दूध नासू लागले.

थोरलीला या बातमीने बरे वाटले. पण पुरेसे नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या सासूबाई आता रोज संध्याकाळी गार पाण्यासाठी वर येत, थोरलीच्या दारावरून सरळ पुढे जात, आणि परतताना “धाकटीचं घर बाकी पुढारलं हो!” असे अख्ख्या जिन्याला ऐकवत. थोरलीचा जळफळाट होई. लोकांचे कपडे शिवून साठवलेल्या पैशांतून तिने रोखीने शिवणयंत्र घेतले होते. त्याचे कौतुक सासूबाईंनी कसेबसे एकदा केले होते.

एका दुपारी धाकटीला फ्रिजसाठी पैसे देणारा कर्जवाला ‘तुम्हीही फ्रिज घ्या’ म्हणत तिच्याही दारी आला. हप्ता आठवड्याचा, तारण शिवणयंत्र.

“व्याज किती?”

“शेकडा दोन, ताई. धाकट्या बाईंनी तर विचारलंसुद्धा नाही.”

शेकडा दोन म्हणजे महिन्याला, असे थोरलीने धरले. सगळेच तसे धरतात. टोमणा मात्र वर्मी बसला. तिने त्याचे पेन घेतले, आणि हात थांबला. हातातले यंत्र गहाण टाकायचे, तर वस्तू पारखून तरी घ्यावी. त्या फ्रिजमध्ये दूध नासते कसे?

वाटी घेऊन ती शेजारी गेली. “थोडा बर्फ दे गं.”

“संपला, जाऊबाई.”

“संपायला काय दुकानातून मोजून आणतेस?”

तिने स्वतःच फ्रिज उघडला. आत अंधार आणि कोंदट ऊब. वायरची पिन भिंतीशी लोंबत होती.

धाकटीने फ्रिजचे दार लावून घेतले. “शेकडा दोन आठवड्याला आहेत, जाऊबाई. हप्ता भरला की वीजबिलाला काही उरत नाही. सासूबाई यायच्या सुमारास पाण्यापुरता लावते.”

“मग घेतलास कशाला?”

“तुमचं मशीन आलं, तेव्हा सासूबाई महिनाभर माझ्यापुढे त्याचीच आरती ओवाळत होत्या. तुमच्यासमोर बोलल्या नसतील.”

थोरली परतली आणि कर्जवाल्याचे पेन तिने त्याच्या खिशात खोचले. “राहू द्या. आमचं दूध बाहेरच बरं टिकतं.”

दूध नासण्याचे कारण एवढेच होते: फ्रिज सासूबाईंच्या पाण्यापुरता चाले, आणि उरलेल्या दिवसाची वीज हप्त्यात जात होती.