लाल फडकं

आमच्या वहिनीच्या पिठाच्या गिरणीच्या दारावर लाल फडकं लागलं की गावातल्या विहिरींवरच्या मोटारी बंद करायच्या, हा आमच्याकडचा कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची छाती कुणाची नाही. गावाचा डीपी, म्हणजे खांबांवरचं ते रोहित्र, आजोबांच्या काळातलं. गिरणी आणि विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की त्याचा जीव घाबरा होतो आणि फ्यूज उडतो. म्हणून पाळी. सकाळी वरच्या आळीचं पाणी, दुपारी गिरणी, मग खालच्या आळीचं पाणी.

वहिनीने मोठी चक्की आणून दोन वर्षं झाली. ती अजून गोणपाटाखालीच. रोज धूळ झटकायची आणि परत झाकायची. मोठा डीपी आल्याशिवाय ती फिरणार नव्हती. वहिनीने त्यासाठी इतके अर्ज केले की वीज कचेरीतला शिपाई तिला बघून स्वतःच खुर्ची पुढे करायला लागला.

शेवटी साहेब आले. वायरमनने डीपीला एक पेटी जोडली.

"गावाला किती वीज लागते ते आठ दिवस यात मोजलं जाईल. डीपी केवढा द्यायचा ते त्यावरून ठरेल," साहेब म्हणाले.

साहेबांची जीप वळणाआड जाते न जाते तोच वहिनीने गाव गोळा केलं.

"आठ दिवसांत कुणाची पाळी चुकली तर माझ्याशी गाठ आहे. ऐन मोजणीत फ्यूज उडाला तर म्हणतील, यांना आहे तो सांभाळता येत नाही, मोठा कशाला द्यायचा?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कबूल करतो. घरी पाहुणे आल्यावर पोरं जशी शहाणी होतात, तसा गाव शहाणा झाला. खालच्या आळीतल्या म्हातारबांनी एवढ्या उकाड्यात पंखासुद्धा लावला नाही. माझी कोबी माना टाकत होती, तरी मी पाळीबाहेर बटण दाबलं नाही.

नवव्या दिवशी साहेब आले, मागून ट्रक. वहिनी सकाळपासूनच चक्कीवरचं गोणपाट काढून बसली होती. ट्रकवरची ताडपत्री निघाली. डीपी नवाकोरा होता, पण जुन्याच्या अर्ध्या अंगाचा.

"साहेब, हे पिल्लू कुणाचं?" वहिनीने विचारलं.

"तुमचंच. काल वायरमनने आणलेले पेटीतले आकडे बघितले, तुमची मागणी फारच कमी आहे हो. तुमचा जुना आता पलीकडच्या गावाला नेतोय. तिथे रोज फ्यूज उडतात, त्यांची गरज मोठी. तुमच्या काटकसरीचं मात्र कौतुक वाटतं."

वायरमन पेटी काढायला शिडी लावत होता.

"हात लावू नका तिला," वहिनी म्हणाली. तिने गिरणीवरचं फडकं ओढून काढलं आणि रस्त्यात उभी राहून ओरडली, "पाळी संपली! ज्याच्याकडे जे आहे ते लावा!"

लोक बावरले. इतक्या वर्षांची सवय. मग कुठेतरी एक मोटार घरघरली, मग दुसरी. मीही धावत जाऊन माझी लावली. वहिनीने गिरणीत जाऊन बटण दाबलं आणि मोठी चक्की पहिल्यांदा फिरली. दोनच मिनिटं, पण फिरली. मग फटाफट तिन्ही फ्यूज उडाले आणि गाव ठप्प.

"बघा पेटीत, साहेब. आता लिहा आमची मागणी," वहिनी बाहेर येत म्हणाली.

साहेबांनी बघितलं, घाम पुसला. "आकडा चढला खरा, ताई. पण सरासरी आठ दिवसांची काढतात. दोन मिनिटांनी ती हलत नाही."

वहिनीने तोंडावरचं पीठ त्याच लाल फडक्याने पुसलं.

"मग पेटी आणखी आठ दिवस राहू द्या. शहाण्यासारखं वागायची सवय लागलीय आम्हाला. मोडायला तेवढे दिवस लागतीलच."

साहेबांनी वायरमनला शिडी उतरवायला लावली आणि ट्रक माघारी फिरवायला सांगितला. त्या आठ दिवसांत फ्यूज अकरा वेळा उडाले, आणि प्रत्येक वेळी गावाने टाळ्या वाजवल्या.